काळ्या खडकापर्यंत

वासू, मी एसटीच्या खिडकीवर टकटक केली तेव्हा तू गेलेला होतास. हे मला अजून पटत नाही. मी तुला शिव्या दिल्या. "उतर बे, झोपून काऊन राह्यला? ऊन चढून राह्यलं," असं म्हणालो आणि एका हातानं दोन सायकली सांभाळत दुसऱ्या हातानं पुन्हा काच वाजवली. जळगाव जामोदच्या स्टँडवर मलकापूरची पहिली गाडी रिकामी होत होती. बायका टोपल्या उतरवून घेत होत्या, कोणाची तरी कोंबडी सुटली होती, तिच्यामागे दोघं धावत होते. तू खिडकीला डोकं टेकून बसलेला, टोपी नाकावर घसरलेली, खोळीतली गळाची काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी. दर रविवारी तू असाच पेंगत यायचास. मी वेगळं काय समजणार होतो?

कंडक्टर म्हणाला, "पाहुणे नांदुऱ्यापासून झोपले. मले म्हणे, जामोदले उठव." तोच वर चढला आणि त्यानं तुझ्या खांद्याला हात लावला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा मला नीट दिसला नाही, पण तो काही बोलेना, एवढ्यावरून मी सायकली सोडून दिल्या. त्या एकमेकींवर पडल्या तो आवाज माझ्या कानात आहे. बाकी त्यानंतर कोण काय बोललं ते मला दुसऱ्यांनी सांगितलं म्हणून ठाऊक आहे.

एक मात्र मला स्वतःला आठवतं. तुझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला घोड्याचे दोन पांढरे केस गुंडाळलेले होते. गाडीत बसून तू दोरीचं शेवटचं, सगळ्यात बारीक टोक बांधत होतास. गाठ अर्धी पडली होती. तुला खाली उतरवायला चौघं जण उभे होते आणि कोणीतरी म्हणालं, "तोडून टाका तो दोरा." मी म्हणालो, थांबा. तुझं बोट अजून पुरतं गार झालेलं नव्हतं. मी एकेक वेढा सोडवला. लोकांनी हात मागे घेतले. त्यांना वाटलं असेल, काही धार्मिक असेल.

तुला हे सांगण्यात काय अर्थ, तुला सगळं माहीत आहे. तरी सांगतो, कारण गेले काही दिवस मी कोणाशी बोलू लागलो की लोक माझ्याकडे दयेनं पाहतात, आणि तू मात्र माझ्याकडे कधी दयेनं पाहिलं नाहीस. निदान मला तसं वाटत होतं.

तुझे वडील मलकापूरला रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्यानं जाता जाता तीन तुकड्यांची बांबूची काठी, एक पितळी चाक आणि रेशमी दोरी तुझ्या वडलांच्या हातात दिली. त्यांनी ती वेलाला आधार म्हणून लावायचं ठरवलं होतं, तू वाचवलीस. आपण दोघं शाळेपासूनचे. तू कापसाच्या जिनात फिटर झालास, मी जामोदला सासऱ्यांचं कापडाचं दुकान धरलं, पण रविवार आपला राहिला. तू पहिल्या गाडीनं पूर्णा ओलांडून यायचास, मी सायकली घेऊन उभा असायचो, आणि आपण सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या डोहावर जायचो. काठी एकच होती. दुसरी घेऊ, असं आपल्याला कधी वाटलंच नाही.

आणि मासा खायचा नाही. तुझ्या गळ्यात माळ. धरायचा, ओल्या हातानं गळ काढायचा, पाण्यात सोडायचा. डोहावर जाळी टाकणारे भोई आपल्याला पाहून हसायचे. "खायचा नाही त धरता काऊन, मास्तर?" ते विचारायचे. त्यांना तू मास्तर वाटायचास, कारण चष्मा. तू म्हणायचास, "तुमाले पोट भरायची घाई आहे. मले घाई नाही." मला होती. इतक्या वर्षांत तू मला एक मासा घरी नेऊ दिला नाहीस. मी चार वेळा भांडलो, दोन वेळा अबोला धरला. माझ्या बायकोनं तो चुलीवर चढू दिला नसताच, हा भाग वेगळा. पण नेऊ द्यायला काय हरकत होती, हे माझं म्हणणं आजही आहे.

आपलं काम वाटलेलं होतं. तू पाण्यात गुडघाभर उभा राहून फेकायचास आणि मी वरच्या दरडीवर बसून पाहायचो. गळाला मोराचं पीस बांधून केलेली ती खोटी माशी पाण्यावर तरंगत यायची. मासा वर येऊन तिला तोंड लावायचा तो क्षण खालून तुला दिसायचा नाही, उजेड पाण्यावर चकाकायचा. वरून मला दिसायचा. मी ओरडायचो, "उचल!" आणि तू काठी उचलायचास. क्षणभर उशीर झाला की मासा माशी थुंकून मोकळा. तू जिनातल्या लोकांना सांगायचास, "मासा मी धरत नाही, शाम्या धरते. मी नुसता हात." हे तू लोकांसमोर म्हणायचास म्हणून मला फार बरं वाटायचं. आता लिहून टाकतो.

मग रेशमी दोरी कुजली. ती दर वेळी वाळवावी लागायची, तिला मेण चोळावं लागायचं. नवं राज्य झालं तेव्हा गावानं घरोघर दिवे लावले आणि तू ओट्यावर दोरी पसरून तिला मेण लावत बसला होतास, हे आठवून तुझी बायको अजून हसते. म्हणजे हसायची. त्या दोरीचं वजनच माशीला वाहून न्यायचं. माशी पिसाची, तिला स्वतःला वजन नाही, दोरी जाईल तिकडे ती जाणार. ती दोरी तुटू लागली, आणि तशी नवी मुंबईतही मिळेना. मी म्हणालो, नायलॉन आण. तू म्हणालास, "पाहतो." आणि पुढच्या रविवारी तू घोड्याचे केस घेऊन आलास.

मला वाटलं, तुझं डोकं फिरलं. तू म्हणालास, जाड दोरी पाहिजेच कशाला? सगळी बारीकच ठेवू. काठीच्या दुपटीहून लांब. हातापाशी सात केस वळलेले, मग सहा, मग पाच, असं निमुळतं होत टोकाला दोन. रेशमाचा उरलेला तुकडा तेवढा चाकावर, बोटाखाली. माशीच्या पोटाला तू मोटारीच्या जळक्या गुंडाळीतली तांब्याची तार वेढून तिला थोडं वजन दिलंस, म्हणजे दोरीनं माशी न्यायच्या ऐवजी माशीनं दोरी न्यायची. सगळं उलटं.

पहिले केस तू स्टेशनवरच्या टांग्याचे आणलेस. पहिल्याच बऱ्या माशाला दोरी तटकन तुटली. टांगेवाला चाचा हसून हसून लोळला. त्यानं तुला घोडीच्या शेपटीचे दिले होते. "मियाँ, घोडी का बाल रोज भीगता है, कच्चा रहता है. घोडे का लाओ." घोडीची शेपटी मुतानं भिजत राहते हे आपल्याला कुठून ठाऊक असणार. मग तू वरातीच्या पांढऱ्या घोड्याच्या मागे लागलास. त्या उन्हाळ्यात मलकापुरातले निम्मे नवरदेव शेपूट विरळ झालेल्या घोड्यावरून मिरवले. घोडेवाल्यानं तुला एकदा तबेल्यातून हाकललं तेव्हा मी दाराशी उभा होतो आणि ओळख दाखवली नाही.

भांडण झालं ते मात्र खरं झालं. तू पांढऱ्या घोड्याची ती दोरी पहिल्यांदा फेकून दाखवलीस तेव्हा ती तुझ्या टोपीत अडकली. दुसऱ्यांदा बाभळीत. मी हसत होतो. तू म्हणालास, "जोर लावला की बिघडते. माशीले नेऊ द्याव लागते." मग तू मनगट सैल सोडलंस, मागे थांबलास, मला वाटलं विसरलास की काय, आणि मग नुसतं पुढे वळवलंस. माशी हवी तिथं अलगद पडली. तू काठी वर धरून ठेवलीस. दोरीची एक वीतही पाण्याला लागली नाही, म्हणून धारेनं तिला झोळ पडला नाही, आणि माशी खऱ्या किड्यासारखी वाहत आली. तू म्हणालास, "आता पाहाची गरज नाही, शाम्या. मासा लागला की बोटाले समजते. डोळे मिटून धर."

पाहाची गरज नाही. हे तू दरडीवर बसलेल्या माणसाला सांगत होतास, ज्याचं काम फक्त पाहायचं होतं. मी म्हणालो, "म्हंजे माही गरज सरली म्हण ना." तू म्हणालास, "तसं नाही बे." मी म्हणालो, ही दोरी त्या पलीकडच्या काळ्या खडकापर्यंत जन्मात पोचणार नाही, मोठे मासे तिथंच आहेत, ही पोरखेळाची दोरी आहे. तू म्हणालास, पोचते. मी म्हणालो, पोचली त मिशी उतरवतो. तू माझ्या मिशीकडे पाहिलंस, तिच्यावर मी किती जीव टाकतो ते तुला ठाऊक, आणि म्हणालास, "गाढवा, रविवारी पाह्य. मंग सांगतो तुले."

हे शेवटचं. मंग सांगतो. त्यानंतर गाडी आली ती तुला तशी घेऊन.

मी तुझ्या घरी गेलो तेव्हा वहिनी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुझा मोठा भाऊ बाहेर लोकांना पाणी विचारत होता. मी काठी परत द्यायला नेली होती. खोळ त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "वयनी, हे वासूचं." त्यांनी ती माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाल्या, "ते तुमचंच हाय, भाऊजी. तुमच्यासाठीच त वळून राह्यले होते थे केस."

मला कळेना. मी म्हणालो, "माह्यासाठी काऊन?"

"तुमाले दिसत नाही ना आता," वहिनी म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, जेवलात का असं विचारावं तशा. "मागच्या दिवाळीले तुमी हिरवं म्हणून मले निळं लुगडं देलं. मी तवाच बोलणार होती. हे म्हणे, बोलू नको. म्हणे, शाम्या कोणालेच सांगत नाही, डाक्टरकडं जात नाही, दुकानात हात लावू लावू कापड ओळखते. म्हणे, आता 'उचल' म्हणायले त्याले उशीर होते, मासा निघून जाते, अन् मंग थो गाडीपर्यंत बोलत नाही. त्याले हाताले समजन असं काही कराव लागन."

वासू, मी तिथं बसलो होतो आणि मला माझे हात कुठं ठेवावेत ते कळेना. वहिनींचं सांत्वन करायला गेलेला माणूस मी. तुझ्या भावानं पाण्याचा पेला पुढे केला, तो मी उलट्या बाजूनं धरायला गेलो आणि पाणी सांडलं. त्यानं दुसरा पेला भरून सरळ माझ्या बोटांत धरवला. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि तू सगळ्यांना गप्प बसवून ठेवलं होतंस.

मला तुझा राग आला. खरंच आला, तुझ्या घरात, तुझ्या फोटोला अजून हारही चढलेला नव्हता तेव्हा. सरळ का नाही सांगितलंस? "शाम्या, तू आंधळा होऊन राह्यला, चाल अकोल्याले डाक्टरकडं." एवढं एक वाक्य. मी चिडलो असतो, चार रविवार आलो नसतो, पाचव्या रविवारी सायकली घेऊन स्टँडवर असतो. हे तुला ठाऊक नव्हतं? तू घोड्यांच्या तबेल्यातून हाकलून घेतलंस, सहा-सहा केस मांडीवर वळत बसलास, आणि मी समजलो की तू मला काढून टाकतो आहेस. हे मी तुला कधी सांगू? कोणत्या गाडीवर येऊ?

काठी घेऊन परत आलो. येताना एसटीत त्याच बाजूला बसलो, मुद्दाम नाही, तिथंच जागा होती.

पुढच्या रविवारी मी स्टँडवर गेलो. दोन सायकली घेऊन गेलो, वासू. पहिली गाडी आली, रिकामी झाली, तोच कंडक्टर होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्या सायकलीकडे पाहिलं आणि पायरीवर उभा राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, "ही इथं ठेवा, मालक. मी पाह्यतो." त्याचं ऐकून मला समजलं की मी काय करून राह्यलो होतो. मी सायकल त्याच्याकडे दिली.

डोहापर्यंतचा रस्ता मला पाठ आहे, म्हणून जमलं. अर्धवट राहिलेली गाठ मी घरीच पुरी केली होती, बोटांनी चाचपून. तू मारली असतीस तशी झाली नाही, जरा गड्डा राहिला. दरडीवर मी गेलोच नाही. धोतर खोचून तू उभा राहायचास तिथं उभा राहिलो. पाणी गार होतं. पलीकडचा काळा खडक मला खडक म्हणून दिसत नाही, उजेडात एक काळसर डाग दिसतो. पहिल्यांदा फेकली ती टोपीत अडकली. दुसऱ्यांदा बाभळीत. मला हसू आलं आणि ते तोंडातच राहिलं, कारण दरडीवरून कोणी हसलं नाही.

मग मी जोर सोडून दिला. मागे थांबलो. तू थांबायचास तेवढं थांबलो, तू विसरलास की काय असं वाटण्याइतकं. तारेच्या वजनानं दोरी मागे ताणली गेली, ती ओढ बोटाला लागली, आणि मी नुसतं पुढे वळवलं. पडली कुठं ते दिसलं नाही. पण दगडाला तांब्याची तार लागली तो बारीक टक् आवाज आला आणि माशी घरंगळून पाण्यात गेली. त्या बाजूला पाण्यात दुसरा दगड नाही, वासू. काळा खडकच तो. मी काठी वर धरली. डोळे मिटले, तू सांगितलं होतंस म्हणून.

बोटाखाली काही नव्हतं. पाणी वाहत होतं तेवढंच कळत होतं. मग काहीतरी झालं. धक्का नाही, कोणी बाही धरून ओढावी तसं. मी मोठ्यानं ओरडलो, "उचल!" इतक्या वर्षांची सवय. आणि मला कळलं की काठी आधीच उचललेली आहे. माझ्या ओरडण्याच्या आधी हातानं उचलली होती.

मासा मोठा होता. कोणता ते सांगता येणार नाही, अंगावर खवले मोठे होते आणि केसांची दोरी तुटली नाही. तो पायाशी आला तेव्हा मी हात ओले केले. त्याला धरून उभा राहिलो. घरी नेला असता तर तू काय करणार होतास? पाण्यात धरून मी त्याला सोडला. तो लगेच गेला नाही, हातातच जरा थांबला आणि मग गेला. मी त्या पाण्यात किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. मी रडलो असं लिहायला मला लाज नाही. स्टँडवर मी रडलो नव्हतो, तुझ्या घरी रडलो नव्हतो, कारण तोवर हे खरं आहे असं मला वाटतच नव्हतं. हातात मासा आला आणि दाखवायला कोणी नव्हतं, तेव्हा तू गेलास.

तुझ्या दहाव्याला मलकापूरला नदीवर आलो. तुझा मुलगा, भाऊ, चुलतभाऊ ओळीनं दगडांवर बसले होते आणि न्हावी एकेकाचं डोकं उतरवत होता. ते झाल्यावर मी जाऊन त्याच्यासमोर बसलो. तो म्हणाला, "मालक, तुमी त भाऊबंद नाही."

"डोकं नको. मिशी काढ," मी म्हणालो.

त्यानं वस्तरा खाली घेतला. "बाप गेल्यावर काढते माणूस. तुमचे बापजी त कवाचेच गेले."

"पैज हारलो."

"कोनासंगं?"

मी तुझ्या मुलाकडे बोट केलं. तो तुझ्या पिंडापाशी बसला होता, त्याच्याकडेच का केलं मला ठाऊक नाही, तुझा तोंडवळा त्याला आला आहे म्हणून असेल. न्हाव्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला समजलं असावं. तो हळू आवाजात म्हणाला, "मंग ऱ्हाऊ द्या ना, मालक. थो आता कुठं पाहाले येते?"

"थो नाही येत. पण दोरी पोचली," मी म्हणालो. "काढ."

त्यानं गालावर पाणी लावलं. वासू, तेव्हापासून ओठाला सारखा वारा लागतो आहे. पुढच्या आठवड्यात मी अकोल्याला डोळे दाखवायला जातो आहे, तुझा मुलगा सोबत येतो म्हणाला.